मिसूरीच्या कांठीं : एक विहारभूमि आणि तिचा इतिहास

अमेरिकेच्या प्रवासवर्णनांत न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो आणि नायगारा यांची पुनरुक्ति इतकी झाली आहे कीं, त्या देशाचा मध्यभाग म्हणजे दोन समुद्रकिनाऱ्यांमधील एक कंटाळवाणें अंतर होय, अशी समजूत होणें स्वाभाविक आहे. तो भाग ओलांडावयाचा असतो, तेथें उतरावयाचें नसतें, असाच सर्वसाधारण प्रघात. या उपेक्षित भागांतही अधिक उपेक्षित असें एक संस्थान उत्तरेस कॅनडाच्या सीमेला लागून आहे. त्याचें नांव नॉर्थ डाकोटा. त्याचा विस्तार ७०,००० चौरस मैलांहून अधिक, आणि लोकसंख्या २०२० च्या शिरगणतीप्रमाणें अवघी ७,७९,०९४.

या संस्थानांत जो कोणी मुद्दाम जातो, त्याला दोन गोष्टींचें आकर्षण असतें. एक मोकळ्या हवेंतील विहार : मासेमारी, नौकाविहार, शिकार, पायीं भटकंती, पक्षिनिरीक्षण. दुसरी इतिहास : जुने किल्ले, जुन्या वसाहती, थोरांचीं निवासस्थानें. ह्या दोन गोष्टी प्रवाशाच्या मनांत निरनिराळ्या असतात. सकाळ सरोवरावर घालवावी आणि ऊन वाढलें म्हणजे एखाद्या वस्तुसंग्रहालयाच्या सावलींत शिरावें, असा त्याचा क्रम असतो. आमचें म्हणणें असें कीं, निदान या भूमींत तरी ही वांटणी खोटी आहे. ज्या पाण्यावर तो सकाळीं नौका घालतो, तें पाणी हीच इतिहासांतील एक घटना आहे, आणि ज्याला ती घटना ठाऊक नाहीं त्यानें तें सरोवर पाहिलें असें म्हणतां येणार नाहीं.

प्रथम भूमीचें स्वरूप पाहूं. प्रेअरी म्हणजे वृक्षहीन तृणभूमि. परंतु ती सर्वत्र सारखी नाहीं. पूर्व सीमेवरून रेड नदी उत्तरेकडे वाहते. तिचें खोरें म्हणजे वस्तुतः खोरें नव्हेच. हिमयुगाच्या अखेरीस वितळत्या बर्फाचें पाणी सांचून अगासीझ नांवाचें जें विस्तीर्ण सरोवर झालें होतें, त्याचा तो सपाट तळ होय. तेथून पश्चिमेकडे जमीन हळूहळू चढते. हिमनद्यांनीं मागें ठेविलेल्या असंख्य खळग्यांत पाणी सांचून तेथें लहान लहान तळीं झालीं आहेत, आणि उत्तर अमेरिकेंतील रानबदकांचा फार मोठा भाग याच तळ्यांच्या प्रदेशांत जन्मास येतो. पुढें मिसूरी नदी लागते. तिच्या पलीकडे रुक्ष पठार. आणि अगदीं पश्चिमेस लिटल मिसूरी नदीनें व पावसानें कोरून काढलेला, रंगीबेरंगी मातीच्या सुळक्यांचा बॅडलँड्स नांवाचा प्रदेश. पूर्वेकडे वर्षाला सुमारें २० इंच पडणारा पाऊस येथें पोंचेपर्यंत १५ इंचांवर येतो. या पांच इंचांच्या फरकांत कित्येक शेतकऱ्यांचें नशीब फिरलें आहे.

राजकीयदृष्ट्या हें संस्थान तरुणच. २ नोव्हेंबर १८८९ रोजीं अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनीं नॉर्थ व साउथ डाकोटा या दोन संस्थानांच्या घोषणापत्रांवर एकाच वेळीं सह्या केल्या. अगोदर सही कोणत्या कागदावर झाली हें कोणास कळूं नये, म्हणून त्यांनीं ते कागद आधींच उलटसुलट करविले होते. तेव्हां जुळ्या भावंडांत थोरलें कोण हा प्रश्न आजतागायत सुटलेला नाहीं. याच १८८९ सालीं पंडिता रमाबाईंचें ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें पुस्तक मराठींत प्रसिद्ध झालें. म्हणजे मराठी वाचकास अमेरिकेची विस्तृत ओळख होत होती, त्या वेळीं तिच्या नकाशावर डाकोटांच्या रेषा नुकत्याच आंखल्या जात होत्या.

त्या रेषांच्या आंत माणसें आणलीं तीं कायद्यानें व आगगाडीनें. २० मे १८६२ रोजीं अध्यक्ष लिंकन यांनीं होमस्टेड कायद्यावर सही केली. वाचकांनीं ही तारीख ध्यानांत ठेवावी; ती पुढें पुन्हां यावयाची आहे. या कायद्यान्वयें पांच वर्षें जमिनीवर राहून ती कसणाऱ्या कुटुंबास १६० एकर जमीन जवळजवळ विनामूल्य मिळूं लागली. नॉर्दर्न पॅसिफिक कंपनीचा लोहमार्ग १८७३ मध्यें मिसूरीच्या कांठीं पोंचला, आणि जर्मन भांडवल ओढून घ्यावें या हेतूनें तेथील नव्या गांवास जर्मन मुत्सद्दी बिस्मार्क यांचें नांव देण्यांत आलें. तेंच आज संस्थानाच्या राजधानीचें नांव आहे. नॉर्वेंतून, आणि रशियांत स्थायिक झालेल्या जर्मनांतून, हजारों कुटुंबें आलीं. घरास लाकूड नव्हतें. तेव्हां गवताच्या मुळांनीं घट्ट विणलेल्या मातीचे ठोकळे कापून त्यांचींच घरें रचण्यांत आलीं. १९३० मध्यें लोकसंख्या ६,८०,८४५ वर गेली. मग अवर्षण, धुळीचीं वादळें आणि मंदी यांनीं तें दशक ग्रासलें, व १९४० मध्यें ती ६,४१,९३५ वर उतरली. इतकेंच नव्हे, तर २०१० च्या शिरगणतींतही १९३० चा आंकडा गांठला गेला नव्हता. पुढें भूगर्भांतील तेलाच्या उद्योगानें तो मागें पडला. मधल्या ऐंशी वर्षांत कित्येक खेड्यांतील शाळा मिटल्या, धान्याच्या उंच कोठ्या ओस पडल्या, आणि प्रार्थनामंदिरांभोंवतीं वस्तीपेक्षां थडगीं अधिक झालीं.

प्रवासी या भूमीवर येतो तो प्रायः तिच्या रितेपणानें मोहित होऊन. मैलोगणती माणूस नाहीं, आभाळ मात्र अफाट! त्याला वाटतें, सृष्टीच्या आरंभीं पृथ्वी अशीच असेल. पण हा रितेपणा निसर्गानें दिलेला नव्हे. येथील पूर्वींचीं माणसें हलविलीं गेलीं, त्यांच्या जागीं आलेल्यांपैकींही अनेक निघून गेलीं, आणि मग कोठें ही शांतता अवतरली.

पशूंच्या बाबतींतही हाच प्रकार. सप्टेंबर १८८३ मध्यें न्यूयॉर्कचा एक २४ वर्षांचा श्रीमंत तरुण बॅडलँड्समध्यें आगगाडींतून उतरला. बायसन नांवाच्या अजस्र रानबैलाची शिकार करावी, एवढाच त्याचा हेतु होता. तरुणाचें नांव थिओडोर रूझवेल्ट. त्या बैलांचे लक्षावधि संख्येचे कळप कातड्यासाठीं मारले जाऊन उत्तरेकडील अखेरचा मोठा कळपही त्याच सुमारास संपत आला होता. रूझवेल्ट यांना एक बैल सांपडण्यास कित्येक दिवस वणवण करावी लागली. पुढें १४ फेब्रुवारी १८८४ रोजीं, एकाच दिवशीं व एकाच घरांत, त्यांची माता आणि पत्नी निवर्तल्या. तें दुःख घेऊन ते पुन्हां या ओसाड मुलखांत आले व गुरें पाळूं लागले. १८८६-८७ च्या भयंकर हिंवाळ्यानें त्यांचीं बहुतेक गुरें मारलीं आणि तो व्यवसाय बुडाला. तथापि डाकोटांतील दिवस नसते तर आपण अध्यक्षपदास पोंचलों नसतों, असें ते पुढें म्हणत.

१९०१ ते १९०९ या आपल्या अध्यक्षीय कारकीर्दींत त्यांनीं अरण्यें व पक्ष्यांचीं आश्रयस्थानें राखून ठेवण्याचें जें मोठें कार्य केलें, त्याचें बीज येथें रुजलें असें मानतात, आणि तें बरोबरही आहे. याच संस्थानांतील चेस लेक हें तळें त्यांनीं १९०८ मध्यें राखीव केलें. त्या वेळीं तेथें पांढरे पेलिकन पक्षी सुमारें ५० च उरले होते. आज त्या पक्ष्यांची ती खंडांतील अत्यंत मोठ्या वसाहतींपैकीं एक गणली जाते. बॅडलँड्समधील त्यांच्या स्मरणार्थ उद्यान १९४७ मध्यें स्थापन झालें, व १९७८ मध्यें त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सुमारें ७०,००० एकरांच्या या उद्यानांत १९५६ मध्यें नेब्रास्कांतून २९ बायसन आणून सोडण्यांत आले. आज त्यांचे शेंकडों वंशज तेथें चरत आहेत. मोटार थांबवून त्यांच्याकडे पाहणाऱ्या मुलास वाटतें, हे येथें सदैव होतेच. मारणारे कोण आणि राखणारे कोण, हा प्रश्न त्याच्या मनांत येत नाहीं. आणि कधीं कधीं ते दोघे एकच असतात, हें तर त्याला कोणी सांगतही नाहीं. शिवाय पशुपक्ष्यांविषयीं एवढे दूरदृष्टीचे असलेले रूझवेल्ट या भूमीच्या मूळ रहिवाशांविषयीं मात्र कठोर मतें बाळगून होते, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

या उद्यानाच्या विभागांस जोडणारी सुमारें १४४ मैलांची एक पाऊलवाट आहे. तिचें नांव मा-दा-हे. हा शब्दसमूह मंडान भाषेंतील असून, पूर्वापार असलेली व पुढेंही दीर्घकाळ राहणारी जागा, असा त्याचा आशय सांगतात. तरुण मंडळी पाठीवर ओझें घेऊन किंवा सायकलीवर बसून ही वाट तुडवितात आणि ते शब्द सहज उच्चारतात. ती भाषा बालपणापासून अस्खलित बोलणारे अखेरचे गृहस्थ एडविन बेन्सन हे २०१६ मध्यें वारले.

हे मंडान लोक कोण? त्यासाठीं बॅडलँड्स सोडून मिसूरीच्या कांठीं परत आलें पाहिजे. बिस्मार्कच्या उत्तरेस, नाइफ नदी मिसूरीस मिळते त्या जागीं, गवतांत मोठमोठीं वर्तुळाकार खळगीं दिसतात. तीं मातीच्या घुमटाकार घरांचीं जोतीं होत. १८०४ च्या शरदृतूंत लुइस व क्लार्क हे संशोधक येथें येऊन पोंचले, तेव्हां मंडान व हिदात्सा या जमातींचीं पांच गांवें येथें नांदत होतीं व त्यांत चार हजारांहून अधिक माणसें होतीं. हे प्रवासी ज्या सेंट लुई गांवाच्या परिसरांतून निघाले, त्याची वस्ती त्या वेळीं याहून पुष्कळ कमी होती. आपण अरण्यांत चाललों आहों असें समजून निघालेली मंडळी अशा रीतीनें एका बाजारपेठेंत येऊन पोंचली. दूरदूरच्या जमाती येथें घोडे, कातडीं व वस्त्रें घेऊन येत, आणि मका नेत.

हा मका पिकवीत स्त्रिया. शेतें त्यांचीं, घरेंही त्यांचींच. बायसनच्या खांद्याच्या हाडाची कुदळ करून त्या मका, घेवडा, भोपळा आणि सूर्यफूल लावीत. उंचावरील तृणभूमीचें कठीण पड अशा कुदळीनें फुटणें शक्य नव्हतें. म्हणून शेती होई ती नदीकांठच्या मऊ मळईंत. दरवर्षींचा पूर त्या मळईस नवा गाळ देई, तिच्यावर वाढणारीं झाडें लाकूड देत, आणि दोहों बाजूंचे कडे हिंवाळ्याच्या वाऱ्यापासून आडोसा देत. बफेलो बर्ड वुमन या नांवानें प्रसिद्ध असलेल्या एका वृद्ध हिदात्सा स्त्रीनें या शेतीची सर्व हकीगत सांगितली, आणि गिल्बर्ट विल्सन या अभ्यासकानें ती १९१७ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. बीं कसें निवडावें, पेंव कसें खणावें, पांखरें कशीं हाकावीं, हें सर्व तींत आहे. मिसूरीची मळई या लोकांस काय होती, हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें तो ग्रंथ अवश्य पाहावा.

याच गांवांपैकीं एकांत सकाकाविया राहत असे. ती मूळची शोशोनी जमातीची. लहानपणीं पकडून येथें आणली गेली, असें बहुतेक इतिहासकार मानतात. ११ फेब्रुवारी १८०५ रोजीं तिला मुलगा झाला, आणि त्या तान्ह्या बालकास पाठीशीं बांधून ती लुइस व क्लार्क यांच्यासमवेत पॅसिफिक महासागरापर्यंत गेली. बिस्मार्क येथें तिचा पुतळा १९१० पासून उभा आहे. तिचें नांव आपल्या कथेंत आणखी एकदां यावयाचें आहे.

१८३७ मध्यें ‘सेंट पीटर्स’ नांवाची आगबोट व्यापाराचा माल घेऊन मिसूरीवरून आली, आणि तिच्याबरोबर देवीचा रोग आला. सुमारें १,६०० मंडानांपैकीं दीडशेंच्या आंतबाहेर माणसें वांचलीं. उरलेले लोक हिदात्सांशीं मिळून वरच्या अंगास गेले व त्यांनीं एक नवें गांव वसविलें. अरिकारा ही तिसरी जमातही १८६२ मध्यें तेथें येऊन मिळाली. १८५१ च्या फोर्ट लॅरामी येथील तहानें या तिन्ही जमातींस १ कोटि २० लक्ष एकरांहून अधिक मुलूख मान्य केला होता. पुढील चाळीस वर्षांत, कधीं हुकुमानें तर कधीं कराराच्या नांवाखालीं, तो दहा लक्ष एकरांच्या आंत आला. तरी त्यांतून नदी वाहत होती, आणि मळई शाबूत होती. लोक शेतीवर पोट भरून होते. एल्बोवुड्स या गांवीं शाळा, रुग्णालय व कचेऱ्या होत्या.

१९४३ मध्यें मिसूरीस मोठे पूर आले व खालच्या अंगाच्या शहरांचें फार नुकसान झालें. सैन्याच्या अभियांत्रिकी खात्यांतील अधिकारी लुइस पिक यांनीं नदीवर धरणांची मालिका बांधण्याची योजना पुढें आणली, आणि १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्यानें तिला मान्यता मिळाली. या योजनेंतील गॅरिसन धरण नाइफ नदीच्या वर व या जमातींच्या मुलखाच्या खालीं येत होतें. विलिस्टन शहरास पाणी लागूं नये म्हणून बांध घालण्यांत आले. एल्बोवुड्ससाठीं तशी कांहीं योजना झाली नाहीं. जमातींनीं विरोध केला, दुसरी जागा सुचविली. उपयोग झाला नाहीं. धरणाखालीं जाणाऱ्या गांवांचा आक्रोश मराठी वाचकास परका नाहीं. मुळशीच्या खोऱ्यांतून तो १९२१ मध्येंच उठला होता.

२० मे १९४८ रोजीं वॉशिंग्टन येथें करारावर सह्या झाल्या. त्या प्रसंगाचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. मंत्री ज्युलियस क्रुग खालीं पाहून सही करीत आहेत, भोंवतीं अधिकारी उभे आहेत, आणि जमातींच्या मंडळाचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट एका हातानें तोंड झांकून रडत आहेत. होमस्टेड कायद्यास त्या दिवशीं बरोबर ८६ वर्षें झालीं होतीं. परकी माणसास जमीन देणारी सही आणि घरच्या माणसाची जमीन घेणारी सही, दोन्ही २० मे याच तारखेच्या असाव्या हा केवळ योगायोग. पण इतिहासाच्या शिक्षकास असे योगायोग विसरतां येत नाहींत.

१५२,००० एकरांहून अधिक जमीन गेली. शेतजमिनीपैकीं शेंकडा ९४ त्यांत होती. सुमारें ३२५ कुटुंबें, म्हणजे जमातींतील शेंकडा ८० लोक, उठून वरच्या उघड्या माळावर गेले. ज्या माळास हाडाची कुदळ लागत नव्हती, त्यावर लोखंडी नांगरही पोट भरण्याइतकें देईना. १९५३ मध्यें अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हस्तें धरणाचा समारंभ झाला. एल्बोवुड्सचें रुग्णालय पाण्याखालीं गेलें, आणि जमातींच्या आरोग्यकेंद्राची नवी इमारत न्यू टाउन येथें उघडली ती २०११ मध्यें. तिला एल्बोवुड्सचेंच नांव देण्यांत आलें आहे. १९९२ मध्यें काँग्रेसनें पूर्वींची भरपाई अपुरी होती असें मान्य करून १४.९२ कोटि डॉलरांची तरतूद केली. मळई मात्र कोणत्याही कायद्यानें परत येण्यासारखी नव्हती.

या जलाशयास नांव दिलें तें सकाकावियाचें. सुमारें १७८ मैल लांबीचें हें पाणी आज संस्थानाचें सर्वांत मोठें विहारस्थळ आहे. वॉलआय नांवाच्या चविष्ट माशासाठीं लोक दूरदूरहून येतात. किनाऱ्यावर तंबू पडतात, नौका सुटतात, हिंवाळ्यांत गोठलेल्या पाण्यास भोंकें पाडून गळ टाकले जातात. हिदात्सांच्या घरीं वाढलेल्या स्त्रीचें नांव, आणि त्याखालीं हिदात्सांचीं गांवें, अशी ही रचना आहे. नांव देणाऱ्यांच्या मनांत आदरच असेल, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. आदर दाखविण्याच्या या पद्धतीविषयीं मात्र आहे.

येथें एक आक्षेप येईल. धरणानें पूर आंवरले, वीज दिली, शहरांस पाणी दिलें. मग मासे धरणाऱ्या निरुपद्रवी माणसाच्या माथीं हें पाप कां? आक्षेप योग्य आहे. गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यानें कोणाचें गांव बुडविलें नाहीं. पूर आंवरण्याची गरजही खरीच होती. परंतु एका ठिकाणचा पूर आंवरावयाचा तो कोणास बुडवून, हा निर्णय माणसांनीं केला. आणि ज्यांचा आवाज क्षीण त्यांच्या अंगणांत पाणी सोडणें सर्वांत सोपें गेलें. आनंदास आमचा विरोध नाहीं. अज्ञानांत घेतलेल्या आनंदास आहे. असें अज्ञान फार दिवस राहिलें म्हणजे जें केलें गेलें तें निसर्गसिद्ध वाटूं लागतें, आणि तसें वाटूं लागलें कीं तेंच पुन्हां करावयास कोणाचा हात अडखळत नाहीं.

शिवाय ही कथा केवळ शोकाची नाहीं. मंडान, हिदात्सा व अरिकारा हे लोक आजही त्या सरोवराच्या कांठीं आहेत. त्यांचें शासन आहे. न्यू टाउनजवळ त्यांनीं मातीचीं घुमटाकार घरें पुन्हां बांधून पाहुण्यांसाठीं खुलीं ठेविलीं आहेत. तेव्हां प्रवाशानें आपला क्रम थोडा बदलावा. प्रथम नाइफ नदीकांठच्या खळग्यांपाशीं उभें राहावें; मग न्यू टाउनच्या लोकांकडून त्यांची हकीगत ऐकावी; आणि त्यानंतर खुशाल नौकेंत बसावें.

अवर्षणाच्या वर्षीं सरोवर आटतें, तेव्हां न्यू टाउनजवळ सानिश या बुडालेल्या गांवाच्या इमारतींचे पाये चिखलांतून वर येतात. नावाड्यांस तीं नौकेच्या तळास लागणारी अडचण वाटते. पाऊस झाला, पाणी चढलें, कीं ती दूर होते, आणि लोक पुन्हां मासे धरूं लागतात.